पीक जोमदार, पण दाणा भरला का?

मुलुंडहून एक वाचक विचारतात: आम्ही घटसर्पाच्या लशीसाठी त्याच्या जिवाणूचं टॉक्सिन, म्हणजे विष, काढतो. काचेच्या फ्लास्कमध्ये छान मिळतं. त्याच माध्यमावर (जिवाणूंच्या पोषक द्रवावर) स्टीलच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत, वाढ दुप्पट होते, टॉक्सिन मात्र नावालाच. असं का?

आधी लोह मोजा. हा जिवाणू लोहाने तृप्त असेल तर टॉक्सिन बनवतच नाही. लोहाला धरून त्याचं एक प्रथिन टॉक्सिनच्या जनुकावर ठाण मांडून बसतं. लोह सरत आलं की उठतं, आणि मग टॉक्सिन सुरू होतं. लोह अजिबात नसेल तर वाढच होत नाही, म्हणून सगळा खेळ मात्रेचा.

काच लोह सोडत नाही, स्टील सोडू शकतं. आमच्या एका भांड्यात स्पार्जरच्या (हवा सोडणाऱ्या नळीच्या) वेल्डिंगखाली तिळाएवढा तांबूस ठिपका होता. तो सापडेपर्यंत तीन बॅचेस वाया गेल्या होत्या. भांड्याचं पॅसिव्हेशन (स्टीलला गंजापासून जपणारी ॲसिडची प्रक्रिया) पुन्हा करून घ्या. माध्यमात घालायच्या केसिनच्या (दुधातल्या प्रथिनाच्या) प्रत्येक लॉटमध्ये लोह वेगळं असतं, तेही तपासा. कॅल्शियम फॉस्फेटचा साका पाडून माध्यमातलं लोह काढता येतं. मग हवं तेवढंच मोजून घाला. आणि लोह मोजायचा नमुना निर्जंतुकीकरणानंतर, त्याच भांड्यातून घ्या. ऑप्टिकल डेन्सिटीचा (गढूळपणावरून वाढ सांगणारा) आकडा पाहून खूश होऊ नका, लस टॉक्सिनपासून बनते.

बोईसरहून: डांग्या खोकल्याच्या बॅचला ई. कोलाय जिवाणूला देतात तसं ग्लुकोज फीड केलं, तरी वाढ थांबते.

थांबणारच, डांग्या खोकल्याचा जिवाणू साखर खातच नाही. त्याचं मुख्य अन्न ग्लुटामेट, एक अमिनो आम्ल. ते संपण्याआधी थोडं थोडं फीड करा. ग्लुटामेट खाताना अमोनिया सुटतो, पीएच चढतो. तो उतरवायला सल्फ्युरिक ॲसिड वापरू नका. सल्फेट फार साचलं तर हा जिवाणूही टॉक्सिन थांबवतो. फेसासाठी अँटिफोम थेंबाथेंबानेच, नाहीतर ऑक्सिजन विरघळणं मंदावतं आणि पुढे फिल्टर तुंबतात.

लालबागचे एक आजोबा: हाफकिनसाहेबांनी प्लेगच्या लशीत तूप घातलं होतं, हे खरं का?

खरं आहे, आजोबा. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगवत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जिवाणू खाली लोंबत वाढत, पावसात वळचणीच्या पागोळ्या दिसतात तसे. बाटली हलवली की ते तळाशी पडत आणि वर नवे धरत. असं काही आठवडे चाले. मग उष्णतेने जिवाणू मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. तेव्हा फर्मेंटर नव्हते. जिवाणूला कुठे टेकायला आवडतं, हे त्यांनी बाटलीपाशी बसून पाहिलं होतं.