स्पंदित, स्पंदक की स्पंदणारा?

नाशिकरोडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: 'शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. आलटून पालटून फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्याला स्पंदित तारा म्हणायचं की स्पंदक तारा? मुलांनी लुकलुकणारा तारा लिहिलंय, ते चालेल का?'

लुकलुकणारा आधी खोडा. गच्चीवरून चांदणी लुकलुकते ती आपल्या हवेमुळे, ताऱ्याचा त्यात काही हात नाही. ही लुकलुक टाळायची म्हणून तर दुर्बिणी अंतराळात धाडल्या. केप्लर दुर्बीण २००९ साली गेली आणि हंस-स्वरमंडलाच्या भागातल्या आकाशाच्या एकाच तुकड्याकडे चार वर्षं टक लावून बसली. बहुतेक ताऱ्यांच्या तेजाची नोंद साधारण दर अर्ध्या तासाला. गोदावरीला पूर आला की आपण नाही का तासातासाला काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत, पाणी कमरेला लागलं की छातीला? तशाच नोंदी ओळीनं मांडल्या की ताऱ्याचा चढउतार दिसतो. त्या आलेखाला 'प्रकाशवक्र' हा शब्द बरा आहे, तो ठेवा.

आता 'स्पंदित'. मराठी कानाला हे रूप मोहित, कंपित यांच्या रांगेतलं वाटतं. म्हणजे कुणीतरी बाहेरून हलवलेलं. सेफीड म्हणजे अशा फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांचीच एक जात; त्यांतल्या ताऱ्याला बाहेरचं कुणी हलवत नाही. त्याच्या पोटातला हेलियमचा एक थर पातेल्यावरच्या झाकणासारखा उष्णता कोंडतो, तारा फुगतो, मग उष्णता निसटते नि तो परत बसतो. 'स्पंदक' वाईट नाही, पण काही जण तो शब्द पल्सारसाठी वापरतात. गंमत अशी, की १९६७ साली जोसलिन बेल यांना सापडलेला पल्सार मुळी स्पंदतच नाही, तो भिंगरीसारखा फिरतो आणि त्याचा झोत आपल्यावरून जातो. नाव चुकीच्या घरी पडलंय, आता कोण बदलणार!

'रूपविकारी' हा तेज बदलणाऱ्या ताऱ्यासाठीचा जुना, भारदस्त शब्द. पण त्याचा पसारा मोठा: एका ताऱ्यानं दुसऱ्याला झाकलं म्हणून तेज कमी झालं, तरी तो रूपविकारीच.

माझं मत साधं: 'स्पंदणारा तारा' लिहा. संस्कृत वळणच हवं असेल तर 'स्पंदमान'.

तक्त्याच्या तळाशी, ताऱ्यांच्या थरथरीच्या अभ्यासाला, 'ताऱ्यांचे भूकंपशास्त्र' असंही लिहिलंय म्हणता. तिथे भू कुठली आली? सूर्यसुद्धा सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनानं थरथरतो, पण त्याला भूकंप म्हणवत नाही. 'ताराकंपनशास्त्र' करून बघा. जरा लांबट आहे, पण खोटं नाही.

आणि उदाहरण म्हणून ध्रुवतारा घ्या. तो सेफीड आहे, जेमतेम चार दिवसांत एक स्पंदन पुरं करतो. ध्रुव म्हणजे अढळ, असं मराठीच्या तासाला शिकवणाऱ्या बाई मात्र त्या तक्त्यापाशी थबकतील.