काउंटीच्या विकास आराखड्यावर मत नोंदवून काही उपयोग होतो का?

आपला प्रश्न असा आहे की, व्हर्जिनियातील आपल्या काउंटीने जमीनवापर आणि विकासाच्या आराखड्याचा फेरआढावा सुरू केला असून रहिवाशांची मते मागवली आहेत. आपण घर घेतले असले तरी अमेरिकेचे नागरिक नाही, तेव्हा आपल्याला मत मांडता येईल का, आणि मांडले तर त्याचा काही उपयोग होईल का. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: येईल. जाहीर सुनावणीत बोलण्यासाठी किंवा लेखी म्हणणे देण्यासाठी मतदार असण्याची अट नसते. दुसऱ्या भागाला थोडा वेळ द्यावा लागेल. मी उत्तर व्हर्जिनियातच राहतो आणि अशा काही सुनावण्यांना शेवटपर्यंत बसलो आहे.

पुण्या-मुंबईच्या डीपीची, म्हणजे शहर विकास आराखड्याची, सवय असलेल्या आपल्या लोकांचा येथे हमखास एक घोटाळा होतो. महाराष्ट्रात मंजूर विकास आराखड्यातले आरक्षण थेट भूखंडावर बसते, म्हणून हरकत घेणारा बहुधा 'माझ्या जागेवरचे आरक्षण काढा' एवढेच म्हणत असतो. व्हर्जिनियात मात्र आराखडा वेगळा आणि झोनिंग, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, वेगळे. प्रत्येक काउंटीने आराखडा करावा आणि प्लॅनिंग कमिशनने, म्हणजे काउंटीला सल्ला देणाऱ्या नियोजन समितीने, पाच वर्षांतून एकदा तरी त्याचा आढावा घ्यावा, असे राज्याचा कायदा सांगतो. पण तो आराखडा दिशादर्शक असतो, त्याने कोणाच्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क आपोआप बदलत नाही. तो बदल रिझोनिंगने, म्हणजे त्या जमिनीचे झोनिंग बदलून, होतो. म्हणूनच पुष्कळ लोक आराखड्याच्या वेळी गप्प राहतात आणि शेजारच्या शेतावर रिझोनिंगची पाटी लागली की धावत येतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण रिझोनिंगचा अर्ज तपासताना कर्मचारी सर्वप्रथम हेच पाहतात की तो आराखड्याशी जुळतो की नाही, आणि जुळत असेल तर विरोध करणाऱ्याच्या हातातला मुख्य मुद्दा आधीच गेलेला असतो.

प्रिन्स विल्यम काउंटीचे उदाहरण आपण अवश्य पाहावे. तिथे 1998 पासून ग्रामीण पट्टा राखलेला होता आणि त्यात साधारणपणे 10 एकरांमागे एकच घर बांधता येई. मॅनॅसस येथील राष्ट्रीय युद्धभूमी उद्यानाला लागून असलेल्या पेजलँड लेनच्या दोन्ही बाजूंची सुमारे 2,100 एकर जमीन डेटा सेंटरसाठी खुली करावी, अशी मागणी पुढे आली, आणि ती करणाऱ्यांत तिथले जमीनमालकच होते. मला त्यांची बाजू अगदीच असमर्थनीय वाटत नाही. विजेच्या उच्चदाब वाहिन्यांच्या सावलीत शेती राखण्याचा आग्रह दुसऱ्याने धरणे सोपे असते. नोव्हेंबर 2022 मध्ये आराखड्यात त्यानुसार दुरुस्ती झाली. पुढे डिसेंबर 2023 मध्ये रिझोनिंगची सुनावणी सुमारे 27 तास चालली, लोक रात्रभर रांगेत थांबून बोलले, आणि शेवटी काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, 4 विरुद्ध 3 मतांनी, एक सदस्य तटस्थ राहून, मंजुरी दिली. माझ्या मते खरा निर्णय त्याच्या वर्षभर आधी आराखडा बदलला तेव्हाच झाला होता. ते 27 तास त्यावरच्या शिक्क्यासाठी गेले.

अर्थात गोष्ट तिथेच संपली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ही रिझोनिंग मुळापासूनच रद्दबातल ठरवली. त्याचे कारण डेटा सेंटरच्या चांगले-वाईटपणाशी निगडित नव्हते. सुनावणीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात कायद्याने सांगितल्याप्रमाणे दिली गेली नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेले. म्हणून जाहिरातीची तारीख आणि कागदपत्रे पाहण्यासाठी कधी खुली झाली याची तारीख, या दोन गोष्टी मी वहीत लिहून ठेवतो. घरी त्यावरून थट्टा होते.

आता मत कसे लिहावे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला मिळालेल्या मोजक्या मिनिटांत मी वाहतूक, शाळा, झाडे, घरांच्या किमती असे सगळे बोललो, दिवा लाल झाला आणि कोणाच्याही लक्षात काही राहिले नाही. पुढच्या खेपेस एकच पान लिहिले: आमच्या वस्तीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्याच्या एका तुकड्यावर पदपथ नाही, मसुद्याच्या नकाशात तो दाखवलेला नाही, आणि त्याच मसुद्याच्या वाहतुकीच्या प्रकरणात मात्र शाळेच्या परिसरात पायी जाण्याची सोय असावी असे धोरण आहे. कर्मचाऱ्यांनी सूचना आणि उत्तरे यांचा जो तक्ता मंडळासमोर ठेवला, त्यात माझ्या ओळीसमोर 'नकाशा दुरुस्त करावा' असे लिहिलेले होते. 'विकास नको' असे शंभर जणांनी लिहिले तर त्या तक्त्यात त्याची एकच ओळ होते; मसुद्यातल्या अमुक वाक्यात अमुक बदल करा, असे लिहिले की त्याला वेगळे उत्तर द्यावे लागते. मागणी काउंटीच्या अधिकारातली आहे हेही पाहावे, कारण या राज्यात स्थानिक संस्थांना राज्याने दिले तेवढेच अधिकार असतात. विकसकाने रिझोनिंगच्या वेळी लेखी देऊ केलेली वचने, ज्यांना येथे प्रॉफर म्हणतात, बंधनकारक होऊ शकतात, पण ती काउंटीला हवी तशी वसूल करता येत नाहीत.

एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. जिथे झोनिंगनुसार एखादा वापर 'बाय राइट', म्हणजे हक्काने, करता येतो, तिथे आराखड्यात काहीही लिहिलेले असले तरी मंडळासमोर जाहीर सुनावणीची वेळच येत नाही. लाउडन काउंटीने 2019 चा आराखडा मोठ्या लोकसहभागातून केला, तरी डेटा सेंटर हक्काने बांधण्याची मुभा काढून घेण्यास मार्च 2025 उजाडला. त्यामुळे आराखड्यावर मत देताना त्यानुसार झोनिंगचे नियम कधी बदलणार, हेही लेखी विचारावे.

आणि आपले म्हणणे प्लॅनिंग कमिशनच्या सुनावणीपूर्वीच पाठवावे. मसुद्याच्या वाक्यांवर खरे काम तिथे होते. बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे तो जातो तेव्हा बहुतेक वाक्ये ठरलेली असतात.