बंद बाथरूम, चालू गीझर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं बाथरूम चार बाय सहा फुटांचं आहे. आत सहा लिटरचा गॅस गीझर आहे, पाइप गॅसवर चालतो. पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर प्लास्टिक लावलं, ते डिसेंबरपर्यंत तसंच राहिलं. एक्झॉस्ट फॅन मात्र चालू असतो. मुलीला दोनदा अंघोळीत गरगरलं. गॅसचा वास अजिबात नाही. गीझर बिघडलाय का? – वाचक, काळाचौकी

उत्तर : गीझर धडधाकट असेलही, पण त्याला हवा मिळत नाही. प्लास्टिक आजच काढा आणि पुढची व्यवस्था होईपर्यंत पाणी चुलीवर तापवा.

हिशेब साधा आहे. सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर साधारण 10 किलोवॅटचा असतो. तो तासाला सुमारे 1 घनमीटर गॅस जाळतो आणि त्यासाठी त्याला किमान 10 घनमीटर हवा लागते. छत साडेआठ फूट धरलं तर तुमच्या बाथरूममध्ये 6 घनमीटरही हवा नाही. सगळं घट्ट बंद असेल तर दहा मिनिटांत ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 15-16 पर्यंत उतरू शकतो. त्याआधीच गॅस अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. गॅसला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो ज्योतीत जळून जातो. वास नाही म्हणजे गळती नाही, एवढंच त्यातून कळतं.

फॅनबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. आत येणारी हवाच नसेल तर फॅन बाहेर काय फेकणार? फॅन लावल्यावर मोरीच्या जाळीतून वास येत असेल, किंवा दार उघडताना जरा ओढल्यासारखं लागत असेल, तर खोलीला हवा कमी पडतेय. गीझरला धुराचा पाइप असेल तर असा फॅन तोच धूर उलटा आत ओढतो. दाराखालची फट आणि छताजवळचा झरोका दोन्ही उघडे हवेत. झरोक्याला डासांची जाळी असेल तर महिन्याला ब्रशने झाडा. धूळ आणि ओल यांनी ती कापडासारखी होते. उदबत्तीने तपासता येतं : दार लावून गीझर पाच मिनिटं चालू ठेवा, कोणी आत थांबू नका. मग दार न उघडता बाहेरून खालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो जागच्या जागी घोटाळला तर हवा येत नाही.

एवढं करूनही, धुराचा पाइप नसलेला गीझर बाथरूममध्ये ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो ड्राय बाल्कनीत किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्या. गॅसच्या पाइपाचं काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. 'गार पाणी फार येईल' ही भीती नको : अर्धा इंची पाइपात पाच मीटरला जेमतेम लिटरभर पाणी राहतं, म्हणजे दहा सेकंद. जागाच नसेल तर दुहेरी नळीचा, हवाबंद गीझर घ्या. बाहेरच्या नळीतून हवा येते, आतल्या नळीतून धूर जातो. भिंतीत कोर कटिंग करताना (यंत्राने गोल भोक पाडताना) पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. पाइपाचं तोंड बिल्डिंगच्या डक्टमध्ये काढू नका. त्यात वरखालच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

पुन्हा कोणाला गरगरलं तर आधी दार उघडा, माणसाला बाहेर काढा, मग कॉक बंद करा. डॉक्टरांना 'गॅस गीझर चालू होता' हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवून फसवतो, कारण मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं.

प्रश्न : सिलिंडरवरचा जुना गीझर पाइप गॅसला जोडला तर चालेल? – वाचक, भांडुप

उत्तर : जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, न बदलता, नाही. पाइप गॅसला मोठं भोक लागतं, सिलिंडरला लहान. सिलिंडरचं जेट राहिलं तर ज्योत मरगळते. उलट केलंत, म्हणजे पाइप गॅसचं जेट सिलिंडरवर लावलंत, तर पिवळी लांब ज्योत, वरच्या तांब्याच्या पत्र्यांवर काजळी आणि मोनॉक्साइड. काही मॉडेलना बदलीचा संच मिळतच नाही; तेव्हा नवा घेणं बरं.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत राहतो. बेसमेंटमधल्या लहान खोलीत 80,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक) जुना फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी आहे. थंडी येते म्हणून त्या खोलीचं दार बंद ठेवलं तर? – वाचक, मुलुंड

उत्तर : पहिल्या प्रश्नातल्या बाथरूमच्या गीझरचीच ही मोठी आवृत्ती. तिकडचा नियम असा : दर 1,000 बीटीयूला 50 घनफूट जागा नसेल, म्हणजे इथे 4,000 घनफूट, तर खोलीला घराच्या उरलेल्या भागाकडे दोन झरोके हवेत, एक छतापासून 12 इंचांत, दुसरा जमिनीपासून 12 इंचांत. प्रत्येक झरोका दर 1,000 बीटीयूला 1 चौरस इंच, पण 100 पेक्षा कमी नाही. म्हणून इथे 100. हे मोकळं क्षेत्र झालं. लाकडी लूव्हरमधून (तिरक्या पट्ट्यांच्या झरोक्यातून) सुमारे चौथाईच भाग मोकळा धरतात, म्हणून तसं लावायचं तर 400 चौरस इंच लागतील. कपड्यांचा ड्रायर आणि स्वयंपाकघरातली चिमणी एकाच वेळी चालू केली की घट्ट बंद घरात फर्नेसच्या धुरांड्यातला धूर उलटा येऊ शकतो, हेही मुलाच्या कानावर घाला.

पुढेमागे नवा फर्नेस घेतला तर त्याला बहुधा भिंतीतून बाहेर जाणारे दोन प्लास्टिक पाइप असतील. त्यांची तोंडं बर्फाच्या नेहमीच्या थरापेक्षा निदान फूटभर वर हवीत. ती बुजली की प्रेशर स्विच (हवेचा दाब पाहणारा खटका) फर्नेस बंद करतो, आणि लोक मेकॅनिकला फोन लावत बसतात. आधी फावडं घेऊन बाहेर जायचं.