तुर्कीत ‘माझी मुलं’ आणि ‘त्यांचं घर’

दोन मुलांना घेऊन तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात जायचंय आणि तुर्कीत ‘आमची घरं’, ‘त्यांची मुलं’ म्हणताना प्रत्ययांची गल्लत होते, असं तुम्ही लिहिलंय. गंमत म्हणजे अनेकवचनातली मालकी एकवचनापेक्षा सोपी आहे.

क्रम ठरलेला आहे: शब्द, मग अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. एव् म्हणजे घर. एव्-लेर-इमिझ-दे म्हणजे ‘आमच्या घरांत’. ‘आमच्या’ला वेगळा शब्द लागत नाही. शब्दातला शेवटचा स्वर ए, इ किंवा त्यांच्या जातीचा असेल तर लेर, आ, ओ, उ किंवा त्यांच्या जातीचा असेल तर लार.

सोपं का, ते बघा. चोजुक म्हणजे मूल. ‘माझं मूल’ म्हणताना पुढे स्वर येतो, त्यामुळे क विरघळतो: चोजूम. पण लार व्यंजनाने सुरू होतो, म्हणून चोजुक्लारम (माझी मुलं) मध्ये क शाबूत राहतो. तसंच स्वर गळण्याचं. इझिन म्हणजे परवाना; पुढे स्वर आला की त्यातला दुसरा इ गळतो. राहण्याचा परवाना ‘ओतुर्मा इझ्नि’, माझा ‘ओतुर्मा इझ्निम’. जोडशब्दाच्या शेवटचा इ हा मुळातच मालकीचा प्रत्यय आहे. तो काढून त्या जागी ‘माझा’चा इम लावायचा, त्यावर चढवायचा नाही. ‘आमचे परवाने’ म्हणताना गळालेला स्वर परत येतो: ओतुर्मा इझिन्लेरिमिझ.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो आकड्यांपाशी. आपण ‘दोन मुलं’ म्हणतो. तुर्कीत आकडा आला की नाम एकवचनीच. काच चोजूनुझ वार, किती मुलं आहेत, असं कुणी विचारलं तर इकि चोजूम वार. इथे चोजुक्लारम चुकीचं.

खरी कटकट एव्लेरि या रूपाची. त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं, तिन्ही तेच, कारण लेर दोनदा लागत नाही. शिवाय ‘घरं पाहिली’मधलं कर्मही एव्लेरिच. घरभाड्याच्या बोलण्यात संदिग्धता नको असेल तर मालक पुढे ठेवा: ओनुन एव्लेरि (त्याची घरं), ओन्लारन एवि (त्यांचं एक घर), ओन्लारन एव्लेरि (त्यांची घरं).

क्रम उलटा दिसला तर अर्थच वेगळा असतो. आन्नेलेरिम म्हणजे ‘माझ्या आया’. आन्नेम्लेर म्हणजे आई आणि तिच्याबरोबरची घरची मंडळी. शेजारीण ‘आन्नेम्लेर गेलियोर’ म्हणाली तर तिच्या माहेरचे येतायत.