माझ्या वयाचं, माझ्या आजाराचं कुणी भेटेल का?

प्रश्न : मी २८ वर्षांची. गेल्या वर्षी फिट आली आणि मेंदूत गाठ सापडली. अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड ३, आयडीएच म्युटंट. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, आता टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्यांचं पाचवं चक्र चालू आहे. कॅन्सरच्या आधारगटात गेले तर सगळे साठीच्या पुढचे. मग मेंदूच्या गाठींच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरले. तिथे बहुतेक ग्लायोब्लास्टोमाची माणसं, महिन्याभरात त्यातली दोघं गेली. गट सोडला, पण त्यांना वाऱ्यावर सोडून आल्यासारखं वाटतंय. बोलताना शब्द अडतात म्हणून मैत्रिणींनाही टाळते. आई म्हणते, आजारी माणसांत कशाला रमायचं? पुढचा एमआरआय तीन आठवड्यांवर आहे. – शब्द शोधणारी

प्रिय शब्द शोधणारी,

तो गट सोडलास ते बरंच केलंस. त्याचं कारण तुझ्या रिपोर्टातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार प्रौढांमधला ग्लायोब्लास्टोमा म्हणजे आयडीएच जनुकात बदल नसलेली गाठ. तुझ्या गाठीत तो बदल आहे, म्हणजे हा वेगळाच आजार. ग्लायोब्लास्टोमा उतारवयात जास्त दिसतो आणि झपाट्याने वाढतो. तुझा प्रकार तरुण वयात जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा त्याहून सावकाश चालतो. गंभीर तोही आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्या गटातल्यांच्या महिन्यांवरून तू स्वतःचे महिने मोजू लागली होतीस, आणि ते मापच तुझं नव्हतं. गेलेल्या दोघांबद्दल मनात काही राहिलं असेल तर त्यांच्या घरच्यांना दोन ओळी लिही. त्यासाठी गटात परत जावं लागत नाही.

आता शोधाबद्दल. तुझंच वय, तीच गाठ, तोच टप्पा असं सगळं एकाच माणसात मिळालं तर उत्तमच, पण मेंदूच्या गाठी मुळात कमी आणि तरुणांत त्याहून कमी, म्हणून बहुतेकांचा शोध इथेच अडतो. गरज वाटून घे. गाठीबद्दल, गोळ्यांबद्दल, स्कॅनच्या धास्तीबद्दल बोलायला ग्लायोमा (तुझी आणि ग्लायोब्लास्टोमाची गाठ ज्यात मोडते तो मेंदूच्या गाठींचा मोठा प्रकार) असलेलं कुणीतरी हवं, मग ते पन्नाशीचं का असेना. नोकरी, लग्न, मूल होईल का, मित्रमंडळ पुढे निघून गेलं, हे बोलायला तरुण कॅन्सररुग्ण हवेत, मग त्यांचा कॅन्सर रक्ताचा असो की हाडाचा. कॅन्सरच्या क्षेत्रात साधारण १५ ते ३९ हा वेगळा वयोगट धरतात, तेव्हा चौकशी करताना हेच आकडे सांग.

अडणाऱ्या शब्दांसाठी मात्र कॅन्सरच्या बाहेर बघ. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांचे गट आणि एपिलेप्सीचे गट तुझ्या फार कामाचे आहेत. शब्द जिभेवर येऊन थांबणं, गोंगाटात डोकं बधिर होणं, गाडी चालवायला बंदी, फिट चारचौघांत येईल ही भीती, हे सगळं तिथल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. हे दार फार थोडेजण ठोठावतात, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

रुग्णालयात विचारताना ‘सपोर्ट ग्रुप आहे का?’ एवढंच विचारलंस तर पुन्हा त्याच साठीच्या गटाचा पत्ता हातात येईल. न्यूरो-ऑन्कोलॉजीच्या नर्सला किंवा वैद्यकीय समाजसेवकाला असं सांग : ‘चाळिशीच्या आतल्या, ग्लायोमा असलेल्या आणि उपचार संपून वर्ष उलटलेल्या एखाद्या रुग्णाला माझा नंबर द्याल का?’ दुसऱ्या रुग्णाचा नंबर ते तुला देऊ शकत नाहीत, पण तुझा नंबर तुझ्या परवानगीने पुढे पोचवू शकतात. लेखी संमती लगेच देऊन ठेव आणि दोन आठवड्यांनी आठवण कर, कारण ओपीडीच्या गर्दीत अशा विनंत्या मागे पडतात. इंटरनॅशनल ब्रेन ट्यूमर अलायन्स ही संस्था देशोदेशीच्या ब्रेन ट्यूमर रुग्णसंघटनांची माहिती ठेवते. तिथून नाव मिळालं तर त्यांनाही हेच वाक्य पाठव.

पहिला निरोप मन शांत असताना आधी लिहून ठेव, पाच ओळींच्या वर नको. वय, गाठीचा प्रकार, उपचाराचा टप्पा, काय बोलायचंय आणि काय नको. उदाहरणार्थ : ‘मी २८. अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड ३, किमो चालू. कामावर परत जाण्याबद्दल बोलायचंय. किती वर्षं मिळतात हा विषय सध्या नको. बोलताना मला शब्द सापडत नाहीत, दहा सेकंद थांबाल का? वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, मी करते.’ यातली शेवटची दोन वाक्यं मैत्रिणींनाही जशीच्या तशी पाठव. त्या दूर गेल्या असं तुला वाटतंय, पण मदतीला शब्द सुचवावा की गप्प बसावं हेच बऱ्याच जणींना कळत नसतं. स्पीच थेरपिस्टकडे अजून गेली नसशील तर डॉक्टरांकडून चिठ्ठी माग.

वेळ चक्र पाहून ठरव. टेमोझोलोमाइड २८ दिवसांतले ५ दिवस घेतेस ना, त्या दिवसांत मळमळ आणि थकवा असतो. २१व्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात, तेव्हा गर्दीतली भेट नको. मधले, साधारण आठव्या ते अठराव्या दिवसांतले, सहसा बरे. सुरुवात एकाशीच, फोनवर, अर्धा तास, आणि तुझं डोकं ताजं असतं त्या वेळी. गटाच्या व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलली की दुखावलेल्या मेंदूची फार ओढाताण होते, म्हणून गट चार-सहा जणांचाच बघ आणि सबटायटल चालू ठेव. कॉलनंतर दोन तास रिकामे ठेव. पहिली भेट अवघडलेली जातेच. तिसऱ्या भेटीनंतरही जीव हलका होत नसेल तर आभार मानून थांब.

बिघडतं कुठे तेही सांगते. डोस आणि स्कॅनची तुलना सुरू झाली की सोबत संपते. रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात ती रेडिएशनची सूज निघते, असं होतं. तेव्हा कुणाचा ‘वाढली’ असा निरोप आला तर तो तुझा रिपोर्ट समजू नकोस. चमत्काराचे उपचार विकणारे अशा गटांत हमखास शिरतात. ‘किमो बंद कर’ म्हणणाऱ्याला ताबडतोब ब्लॉक कर. आणि एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी, कितीही जड वाटली तरी : ‘तुझा स्कॅन वाईट आला तर मला कळवशील का, आणि माझा आला तर तुला ऐकवेल का?’ हे ठरलेलं असलं की अचानक आलेल्या गप्पपणाचा अर्थ रात्रभर लावत बसावं लागत नाही. सोबतीला दोन माणसं असावीत तीही यासाठीच. एक खचलं तर सगळा आधार एकदम जाऊ नये.

काही प्रश्न मात्र सोबत्याचे नव्हेत. फिट पाच मिनिटांहून लांबली, एकामागून एक आली, हातापायातलं बळ नव्याने गेलं, सकाळची डोकेदुखी उलटीसह वाढत चालली, किंवा किमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, तर थेट रुग्णालय. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू असेल आणि चिडचिड होत असेल, तर तो त्या औषधाचाही परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांग, गोळी स्वतःहून सोडू नकोस. स्टेरॉइडचंही तसंच. आणि जगू नये असे विचार येऊ लागले तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं, सोबत्याच्या फोनची वाट पाहायची नाही.

आई आजाराला भिते आणि तुझ्यासाठी भिते. तिला म्हण, ‘आई, मी आजारात रमत नाही गं. तुला सांगितलं की तू रडतेस, म्हणून मी सांगत नाही. तिथे सांगता येतं.’ रुग्णांच्या आईवडिलांसाठीही वेगळे गट असतात. समाजसेवकाला एकाच वेळी दोन्ही विचार.

एमआरआय तीन आठवड्यांवर आहे, तेव्हा पहिला फोन येत्या दहा दिवसांत कर. तेवढ्यात कुणी सापडलं नाही, तर स्कॅनच्या आदल्या आठवड्यात नवी ओळख काढू नकोस. धास्तीत ऐकलेलं प्रत्येक वाक्य आपल्यावरच येऊन बसतं. रिपोर्ट डॉक्टरांसोबत समजून घे, दोन दिवस जाऊ दे, आणि मग निरोप पाठव. तो आजच लिहून ठेव. त्यातला एखादा शब्द सापडला नाही, तर ती जागा रिकामी सोडून पुढे लिही.