‘त्यांना वेळ असतो,’ असं तू लिहिलंस

ताई,

मी ४४ वर्षांची, इचलकरंजीत राहते. आमचं एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई (मी त्यांना अक्का म्हणते), आम्ही दोघं आणि दोघींची मिळून तीन मुलं. दोन वर्षांपूर्वी मला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, लाईट (रेडिएशन) सगळं मिरजेत झालं. आता रिपोर्ट चांगले आहेत, रोजची गोळी चालू आहे. लाईट घ्यायला जाताना रांगेत ज्यांच्याशी ओळखी झाल्या त्या बायकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी शिरोळची, कुणी जयसिंगपूरची, कुणी निपाणीची. सकाळ झाली की एकमेकींची चौकशी होते, ब्लाउज कुठे नीट शिवून मिळतात इथपासून सगळं बोलतो. त्यांच्यामुळे मी उभी राहिले.

घरात मात्र अक्का माझ्याशी कामापुरतंच बोलतात. ‘कशी आहेस’ असं कधी विचारत नाहीत. डॉक्टरांनी हाताला जड लावू नका म्हटल्यापासून स्वयंपाक, चार दिवसांनी पाणी आलं की ते भरणं, माझ्या मुलाचा डबा हे सगळं त्याच बघतात. त्याबद्दल मला आदर आहे. पण माणसाला दोन मायेचे शब्द हवे असतात. त्यांचं शिलाईचं कामही आता बंद आहे, त्यामुळे त्यांना वेळ असतो, तरी माझ्याजवळ येऊन बसत नाहीत. परक्या बायकांना माझं दुःख कळतं आणि घरातल्या बाईला कळत नाही. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर. मी अक्कांशी एकदा स्पष्ट बोलू का? स्पष्ट सांगा, रागावलात तरी चालेल.

– एक वाचक

*

बाळ,

रागावायची परवानगी तूच दिलीस, तर ऐक.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘त्यांचं शिलाईचं कामही आता बंद आहे, त्यामुळे त्यांना वेळ असतो.’ तू ते जाता जाता लिहिलंस आणि पुढच्या तक्रारीकडे वळलीस. मला मात्र विचारायचंय, शिलाई कधी बंद झाली? का बंद झाली? गिऱ्हाइकं यायची थांबली, की मशीनवर बसायला अक्कांना तास मिळेना म्हणून त्यांनीच गिऱ्हाइकं परत पाठवली? आठ माणसांच्या दोन वेळच्या पोळ्या, तीन मुलांचे डबे, चार दिवसांनी येणारं पाणी पिंपांत, घागरींत, मिळेल त्या भांड्यात भरून ठेवायचं, ते चार दिवस पुरवायचं. हे सगळं आधी दोन बायका करत होत्या. दोन वर्षं एकच करतेय. शिलाई बंद आहे म्हणून त्यांना वेळ असतो, हे तुझं गणित उलटं आहे. त्यांचा वेळ तुझ्या वाटणीच्या कामात गेला, म्हणून शिलाई बंद आहे.

एकत्र कुटुंबातल्या बाईला ब्लाउज शिवून, फॉल-पिको करून मिळणारे पैसे किती लागतात, हे तुला मी सांगायला नको. माहेरी जाताना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मुलीला काही घ्यावंसं वाटलं तर घेता येतं. दुपारी दोन बायका माप द्यायला येतात, चार गोष्टी होतात, त्यातच दिवस हलका होतो. अक्कांचं हे सगळं गेलं आणि त्यावर त्यांनी घरात एक शब्द काढलेला दिसत नाही. तू त्यांच्या गप्प राहण्याला कोरडेपणा म्हणतेस. तुझं पत्र वाचून मला त्या फार दमलेल्या वाटल्या.

आणि ‘कशी आहेस’ विचारत नाहीत म्हणालीस. तू त्यांना कधी विचारलंस? केमोनंतरच्या रात्री उलटीचं भांडं कुणी धुतलं, केस गळून मोरीत अडकायचे ते कुणी काढले, मिरजेला जाताना पोरगं कुणापाशी राहिलं? पत्रात यातलं काहीच नाही. ‘त्याबद्दल मला आदर आहे’ एवढं एक वाक्य आहे, आणि ते ‘पण’च्या आधी आलंय. तुला ग्रुप मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. अक्कांना काय मिळालं?

तू जे भोगलंस ते मी कमी लेखत नाही. छातीचा एक भाग जाणं, आरशापुढे उभं राहायला घाबरणं, दर तपासणीच्या आधी रात्र रात्र झोप न येणं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण दोन वर्षांनंतरही मुलाचा डबा अक्काच करतात, याचा आजाराशी आता फारसा संबंध नाही.

‘जड लावू नका’ हे डॉक्टर कधी म्हणाले? ऑपरेशननंतर, जखम ओली असताना, अंगाला नळी असताना म्हणाले असतील. त्यानंतर हाताचं काय करायचं हे तू कुणाला विचारलंस का? विचारलं नसशील, कारण मुळात कुणी विचारतच नाही. ऐकलेलं एक वाक्य बायका जन्मभर धरून ठेवतात. त्यामागची भीती खोटी नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या, त्यावर लाईट दिली, की हातातला द्रव वर चढायची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो. लगेच सुजेल असंही नाही, काही वर्षांनीही सुजू शकतो. म्हणून पूर्वी डॉक्टर जगभर हेच सांगायचे की त्या हाताला ताण नको.

हा समज मोडायला बायकाच पुढे आल्या. १९९६ साली कॅनडात व्हॅंकूव्हरला डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ जणींना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. लांबलचक होडी, दोन्ही बाजूंना माणसं, आणि सगळं काम हातांचं आणि खांद्यांचं. तेव्हाच्या सल्ल्याप्रमाणे याहून वाईट व्यायाम नव्हता. सावकाश तयारी करून त्या वल्हवायला लागल्या आणि एकीलाही नवी सूज आली नाही. आज अशा बायकांच्या होड्या देशोदेशी आहेत. पुढे २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या १४१ बायकांचे हात आधीच सुजलेले होते. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी हाताला घट्ट बाही घालून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, थोडं थोडं वाढवत वर्षभर वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही. उलट, सूज उसळून येण्याचे प्रकार कमी झाले आणि हातात ताकद आली. सुजलेल्या हातांची ही गोष्ट. तू तर सुजेचा उल्लेखही केलेला नाहीस.

हात न वापरण्याचं नुकसान मात्र नक्की होतं. खांदा आखडतो, लाईट दिलेली जागा ताठरते, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, आणि मग ‘बघा, माझा हात चालतच नाही’ हे खरं होऊन बसतं. थकव्याचंही तसंच. उपचारांनंतर जो थकवा उरतो त्याला पडून राहण्यापेक्षा रोजच्या हालचालीने जास्त उतार पडतो. आणि एक अगदी साधी गोष्ट. तुझं ऑपरेशन डाव्या बाजूचं आहे. उजव्या हाताला काय झालंय?

मला वाटतं, कारण हातात नाहीच. तुला भीती वाटतेय. काम परत अंगावर घेतलं की घर म्हणेल, झाली बरी, आणि कुणी काही विचारणार नाही. आत तर अजून काहीच बरं झालेलं नसतं. गोळीने रात्री अंग तापतं, घाम फुटतो, सांधे धरतात, जरा पाठ दुखली की मनात तेच येतं. आजारी माणसाची जागा सोडली तर हे बोलायला जागा कुठे, असं तुला वाटत असेल. बाळ, ही भीती मला कळते, आणि तुझ्या जागी असलेल्या पुष्कळ बायकांना ती असते. पण त्या जागेचं भाडं दोन वर्षं अक्का भरतायत. भीती ग्रुपवर बोल, डॉक्टरांशी बोल. डबा मात्र तू कर.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की, अक्कांशी स्पष्ट वगैरे काही बोलायचं नाही. दोन मायेचे शब्द मागायला तर मुळीच जायचं नाही. उद्या सकाळी त्यांच्या आधी ऊठ, कणीक मळ आणि मुलाचा डबा भर. मळण्याचा जोर उजव्या हातावर घे, डाव्याने परात धर. मागच्या भिंतीला टेकून बस हवं तर. त्या आल्या की म्हण, ‘अक्का, आजपासून डबे मी करते. तुम्ही मशीन काढा.’ एवढंच म्हणायचं. त्या ‘राहू दे, हात दुखेल’ म्हणतील. सासूबाई काहीतरी बोलतील. तू परात सोडायची नाही. पहिला आठवडा अक्का ओट्यापाशी घुटमळतील, पोळी जाड झाली म्हणून सांगतील, तेही ऐकून घ्यायचं. दमलीस तर दमले म्हणून सांगून बस, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊठ.

या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांना भेट आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवा म्हण. दोन्ही हातांचं माप घ्यायला लाव, म्हणजे पुढे सूज आलीच तर लवकर कळेल. खांद्याचे व्यायाम शिकून घे आणि वजन कसं वाढवायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घे. एकदम भरलेली कळशी उचलायला जाऊ नकोस. रक्त तपासायला किंवा बीपीला उजवा हात पुढे कर. चटका बसला, सुरी लागली तर जागा लगेच धुऊन औषध लाव. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर घरगुती लेप लावत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

पाण्याचं म्हणशील तर ते तूही भरायचं नाहीस आणि अक्कांनीही नाही. घरात दोन धडधाकट भाऊ आहेत. ‘दुर्लक्ष कर’ म्हणणाऱ्या तुझ्या नवऱ्याला सांग, चार दिवसांनी एकदा नळाकडे लक्ष दे.

आता तुझ्या ग्रुपबद्दल. तो सोडू नकोस, त्याची किंमत मला माहीत आहे. १९५२ साली न्यूयॉर्कला टेरेस लॅसर नावाच्या बाईंनी स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर, नुकतंच ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या बायकांच्या खाटेपाशी जायला सुरुवात केली. रीच टू रिकव्हरी हे त्यांच्या कामाचं नाव, आणि ते पुढे जगभर गेलं. त्यांच्या पिशवीत छातीच्या जागी तात्पुरतं लावायचं पॅड असायचं, आणि सोबत एक चेंडू आणि दोरी. ती हाताच्या व्यायामासाठी होती. एका बाईने दुसरीला धीर द्यायला जाताना पहिल्याच भेटीत तिचा हात हलवायला लावला, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो येत असतील, येऊ देत. पण उद्या तिथे विचार, कणीक कोण मळतं, शेतात कोण जातं, कोण विड्या वळतं, कामाला परत लागताना पहिले आठ दिवस काय केलं. डॉक्टरांना ठाऊक नसलेल्या गोष्टी तुला तिथे कळतील. लाटताना काख ओढली तर काय करायचं, बसमध्ये वरचा दांडा कुठल्या हाताने धरायचा, सगळं.

आणि ब्लाउज. ग्रुपवर ब्लाउज कुठे शिवून मिळतात अशी चर्चा करतेस, आणि घरात शिलाई येणारी बाई आहे! पुढून हूक, डाव्या मुंढ्याला थोडी सैल बाही, आतून पॅड बसेल असा सुती कप्पा. हे अनोळखी शिंप्याला सांगताना जीभ अडखळते. अक्कांना सांगावंही लागणार नाही, त्यांनी तुझी जखम बघितली असेल. डबे नीट तुझ्या हाती आले, मशीन चालू झालं, की मग माप द्यायला जा. शिलाई बाहेर जो दर आहे त्या दराने द्यायची, घरातलीच म्हणून फुकट नाही, आणि पैसे त्यांच्याच हातात ठेवायचे. शिरोळ-निपाणीच्या मैत्रिणींना अक्कांचा नंबर एवढ्यात देऊ नकोस. आधी त्यांना स्वतःची जुनी गिऱ्हाइकं परत मिळू देत. नवं काम घ्यायचं की नाही ते त्या ठरवतील.

– ताई