रात्री नऊचा फोन

प्रश्न : ताई, माझं वय 67. हिशेबनिसाची नोकरी 31 वर्षं केली, पुरुषाच्या नावाने आणि पुरुषाच्या कपड्यांत. निवृत्त झाल्यावर, 59व्या वर्षी, स्त्री म्हणून राहू लागले. त्याचा पश्चात्ताप नाही. माझ्यासारखीच एक मैत्रीण होती, चार वर्षांनी मोठी. रोज रात्री नऊला तिचा फोन यायचा, "गोळी घेतलीस का?" मग तासभर गप्पा. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. घरच्यांनी तिला शर्ट-पँट घालून निरोप दिला, निधनाच्या बातमीतही जुनंच नाव. मी मागे उभी होते. कुणीतरी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "ओळखीची."

तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. दिवसातून एकदाच जेवते. रक्तदाबाची गोळी कधी घेते, कधी राहते. मागच्या तपासणीला दवाखान्यात जुन्या नावाने मोठ्याने हाक मारली, सगळे वळून बघू लागले आणि मी उठून घरी आले. परत गेले नाही. भाऊ म्हणतो, "आमच्याकडे राहायला ये, पण नातवंडांसमोर पूर्वीसारखा राहा." तिथे माणसं तरी आहेत. एवढ्या उशिरा मनासारखं जगायला निघाले, त्याचीच ही किंमत असेल का? जाऊ का भावाकडे?

उत्तर : तुमच्या पत्रातला 'ओळखीची' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. जिने रोज रात्री तुमची गोळी विचारली, तिच्या जाण्यावर तुम्हाला रडायचाही हक्क मिळाला नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखावर पुस्तक लिहिलं. नातंच समाजाला मान्य नसेल तर शोकही मान्य होत नाही, कुणी भेटायला येत नाही, आणि ते दुःख आत साचून राहतं. तुमचे आठ महिने तसेच गेले आहेत. ही कसलीही किंमत नाही. एक जिवाभावाचं माणूस गेलं आहे, आणि ज्या दिवशी तिला निरोप दिला त्याच दिवशी तिची ओळखही पुसली गेली, हे तुम्ही उभ्या राहून पाहिलंत.

पण पहाटे तीनची जाग, गेलेली भूक आणि राहणारी गोळी हे सगळं शोकावर सोडून देऊ नका. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा 'मला वाईट वाटतं' असं सांगत येत नाही. झोप, भूक आणि अंगदुखीच्या वाटेने येतं. त्यावर उपचार आहेत आणि ते या वयातही लागू पडतात. ज्येष्ठांसाठी 15 साध्या हो-नाही प्रश्नांची एक चाचणी असते, डॉक्टर ती काही मिनिटांत घेतात. सोबत थायरॉईड आणि बी-12 तपासायला सांगा, त्यांच्या कमतरतेनेही मन खचतं. एक गोष्ट मला स्पष्ट विचारायची आहे : जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आत्ता, याच क्षणी, आपत्कालीन मदतीला किंवा हेल्पलाइनला फोन करा.

दवाखान्यातून उठून आलात यात तुमचा कमकुवतपणा नाही. तुम्ही विशीत होता तेव्हा, 1980 मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत तुमच्यासारख्यांना विकार म्हणून जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने पारलिंगी असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं, आणि ते वर्गीकरण लागू झालं 1 जानेवारी 2022 ला. म्हणजे तुमचं जवळजवळ अख्खं आयुष्य डॉक्टरांपासून लपण्यात गेलं. ती सवय एका हाकेने जागी होणारच. या वेळी आदल्या दिवशी फोन करून सांगा, कोणत्या नावाने हाक मारायची ते. तेवढंही जिथे जमत नसेल, तो दवाखाना बदला. हार्मोन घेत असाल तर तेही सांगा, कारण वयाबरोबर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, मात्रा बदलावी लागू शकते. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

आता भावाचं. या अटीवर जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसांच्या गराड्यात, दुसऱ्याच नावाने, तुम्ही 31 वर्षं बसला आहात. त्या एकटेपणाची चव तुमच्याइतकी कुणाला माहीत असणार? नातं मात्र तोडू नका. भावाला सांगा, "राहायला नाही, रविवारी दोन तास येते, पण आहे तशी येते." तो नाही म्हणाला तर महिन्याने पुन्हा विचारा. माझ्या पाहण्यात मुलं नवी हाक मोठ्यांच्या आधी शिकतात. अडतं ते मोठ्यांचंच.

एक काम याच महिन्यात करा. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर कुणाला बोलवायचं, स्मृती गेली तर कोणत्या नावाने हाक मारायची, शेवटी अंगावर कोणते कपडे असावेत, हे लिहून ठेवा. ते कायद्याने कसं पक्कं करायचं हे ठिकाणाप्रमाणे बदलतं, म्हणून वकिलाला दाखवा. मैत्रिणीचं जे झालं ते पाहिल्यावर हे ओझं तुम्ही रोज वागवत असणार.

आणि रात्रीचे नऊ. तिची जागा कुणी घेणार नाही, तशी अपेक्षाही नको. पण तुम्हा दोघींना ओळखणारी आणखी कुणी असेलच, तीही कदाचित भिंतीकडे बघत बसली असेल. आज तुम्ही फोन करा आणि विचारा, "गोळी घेतलीस का?" अशी कुणीच नसेल तर ट्रान्स व्यक्तींच्या एखाद्या गटात जा. तिथे बहुतेक तरुण मुलं असतील, पहिल्या दिवशी परकं वाटेल. तरी चार वेळा जा, मग ठरवा.

मला पुन्हा लिहा. ती कशी होती, कशावर हसायची, तासभर काय बोलायचात, सगळं. तिचं तिने निवडलेलं नाव लिहा. छापणार नाही, पण मला ते वाचायचं आहे.